‘अज्ञात’ कोणाला?

शाळामास्तराच्या घरी माणसे दोन कामांसाठी येतात. एक, मुलाचे मार्क वाढवून मागायला. आणि दुसरे, छापायच्या मजकुराचे शुद्धलेखन तपासून घ्यायला. आमच्या भिवंडीत लग्नपत्रिकेपासून दुकानाच्या पाटीपर्यंत आणि वाढदिवसाच्या फलकापासून मयताच्या फलकापर्यंत सारे काही माझ्या ओसरीवरून जाते. जुलैच्या मध्यावर असेच दोन तरुण कार्यकर्ते आले. २६ जुलैला कारगिल विजय दिनाचा कार्यक्रम करायचा होता. पत्रिकेचा कच्चा खर्डा माझ्या हाती देऊन ते चहाची वाट पाहत बसले. मजकूर असा होता: कारगिलच्या रणभूमीवर देह ठेवणाऱ्या ज्ञात-अज्ञात वीर जवानांना अभिवादन.

ऱ्हस्वदीर्घ सगळे बरोबर होते. मी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारले, “यातले अज्ञात कोण?”

“म्हणजे सर, ज्यांची नावं माहीत नाहीत ते.”

“कोणाला माहीत नाहीत?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मग त्यातला थोरला म्हणाला, “सर, तसं लिहायची पद्धत आहे.”

खरे आहे, पद्धत आहे. या पद्धतीविरुद्धच मला चार शब्द बोलायचे आहेत. आणि दिवाळी अंकातल्या फराळात कारले वाढल्याबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी.

१९९९ साली कारगिलच्या डोंगरांत पाचशेहून अधिक जवान पडले. त्यांच्यापैकी एकही अज्ञात नाही. द्रासला, तोलोलिंगच्या पायथ्याशी, त्यांची नावे भिंतीवर कोरलेली आहेत. दिल्लीत २०१९ साली जे राष्ट्रीय युद्धस्मारक उभे राहिले त्यावर तीच नावे पुन्हा आहेत, आणि १९४७ नंतर पडलेल्या सर्वांची मिळून पंचवीस हजारांवर नावे आहेत. प्रत्येकाचा क्रमांक आहे, पलटण आहे, हुद्दा आहे, घरचा पत्ता आहे. मग अज्ञात राहिला कोण? अज्ञात आहे ते आपले वाचन. आपण यादी उघडून पाहिली नाही, आणि आपल्या आळसाला त्या माणसाचे विशेषण करून टाकले! शेजाऱ्याचे नाव विचारण्याचे कष्ट न घेता त्याला ‘अनोळखी इसम’ म्हणावे आणि वर त्याच्या गळ्यात हार घालावा, त्यातलाच हा प्रकार.

हे सारे मी त्या दोघांना सांगितले नाही. चहा दिला आणि ‘दोन दिवसांनी या’ म्हणालो. कारण खरे सांगायचे तर त्या क्षणी माझेही मन साफ नव्हते. ते का, हे सांगायचे तर कारगिलहून पुष्कळ मागे आणि पुष्कळ दूर जावे लागेल.

इटलीच्या मध्यभागी, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पेरुजा प्रांतात मोंतोने नावाचे एक गाव आहे. २०२३ च्या जुलै महिन्यात त्या गावाने आणि काही इटालियन युद्धेतिहासकारांनी मिळून तेथे एक स्मारक उभारले. स्मारक म्हणजे काय, तर एक सूर्यघटिका, सावलीवर वेळ दाखवणारे जुन्या काळचे घड्याळ. ‘आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो’ अशा अर्थाचे वचन त्यावर कोरलेले आहे, आणि स्मारकाला नाव दिले आहे यशवंत घाडगे यांचे. हे घाडगे आपल्या कोकणातले. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते नाईक होते. १० जुलै १९४४ रोजी त्याच खोऱ्यातल्या एका डोंगरावर ते पडले तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देहाची समाधी नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे.

त्यांच्या पराक्रमाची हकिकत मी दर वर्षी आठवीच्या वर्गात सांगतो. कंपनीने शत्रूच्या मोर्चावर चाल केली. घाडग्यांच्या हाताखालच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. घाडग्यांनी सरळ त्या मशीनगनवर धाव घेतली. हातबाँब टाकून ती बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि पुढची काडतुसे भरायला उसंत नाही असे पाहून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवले. तेवढ्यात लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या आणि जिंकलेल्या जागीच त्यांनी प्राण सोडला.

ही गोष्ट सांगताना माझा आवाज चढतो. मुले टक लावून ऐकतात. गेली अनेक वर्षे मी ती सांगत आलो आहे आणि गोष्ट संपल्यावर वर्गात जी शांतता पसरते तिचा मला, लपवून काय उपयोग, थोडासा अभिमानही वाटत आला आहे. गेल्या वर्षी त्या शांततेतून एक हात वर आला. मागच्या बाकावरचा मुलगा. बाप यंत्रमागावर रात्रपाळी करणारा, मूळ गाव महाडकडचे. त्याने विचारले, “सर, त्यांच्या तुकडीतल्या बाकीच्यांची नावं काय होती?”

मला उत्तर देता आले नाही.

पदकाच्या मानपत्रात बाकीच्यांविषयी एकच वाक्य आहे. मशीनगनच्या त्या माऱ्यात नायकाखेरीज तुकडीतले सारेजण ठार झाले किंवा जखमी झाले, एवढेच ते वाक्य म्हणते. तुकडी म्हणजे आठ-दहा माणसे. ती घाडग्यांबरोबर त्या चढणीवर होती, त्यांच्याबरोबर जेवली होती, त्यांच्याच आज्ञेवरून पुढे सरकली होती. माझ्या गोष्टीत मात्र ती माणसे नाटकातल्या पडद्यासारखी होती. नायकाच्या प्रवेशासाठी बाजूला सारली जाणारी. इतकी वर्षे गोष्ट सांगून मला ते दिसले नव्हते. चौदा वर्षांच्या पोराला दिसले.

माणगावाने घाडग्यांना टाकले असे कोणी म्हणू नये. तहसील कचेरीपुढे त्यांचा पुतळा आहे, लोक त्याला मान देतात. माझे भांडण पुतळ्याशी नाही. पुतळा एकाचाच होऊ शकतो, आणि ज्याचा व्हायला हवा त्याचाच झाला आहे. माझे भांडण आहे ते पुतळ्यापाशी थांबण्याशी.

आता यावर पहिला आक्षेप घेणारे सद्गृहस्थ इतिहासाचे वाचन असलेले असतात. ते म्हणतात, अहो मास्तर, आपल्या इतिहासात कुठे नावे राहिली आहेत? १६७० साली सिंहगड घेतला, त्या दिवसाची आठवण म्हणून मराठा रेजिमेंट अजून ४ फेब्रुवारी पाळते. पण तानाजी, सूर्याजी आणि शेलारमामा सोडले तर दोर धरून वर चढलेल्या मावळ्यांपैकी आपल्याला कोण ठाऊक आहे? बोरिवलीजवळ एकसरला शिलाहारांच्या काळातले सहा वीरगळ उभे आहेत, त्यांवर गलबतांची लढाई कोरली आहे. ज्यांच्यासाठी ते दगड उभे केले त्यांची नावे आज कोणाच्या ओठावर आहेत? गावोगावच्या वीरगळांना लोक शेंदूर फासतात, नारळ फोडतात, आणि हा कोणाचा म्हणून विचारले तर ‘वीराचा’ म्हणतात. नामरूप टाकून वीर देवात जमा होतो, हीच आपली रीत.

रीत आहे हे मान्य. पण सिंहगडच्या मावळ्यांची हजेरीपत्रके आपल्या हाती नाहीत, म्हणून तेथे आपला नाइलाज आहे. १९४४ साली नाइलाज नव्हता आणि आजही नाही. ज्या सैन्यात प्रत्येक बंदुकीचा, प्रत्येक कांबळ्याचा हिशेब लिहिला जाई, त्या सैन्यात माणसाचाही लिहिला जाई. १९१७ साली लंडनमध्ये एक आयोग स्थापन झाला, आज तो राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग म्हणून ओळखला जातो. पडलेल्या प्रत्येक माणसाचे नाव कुठे ना कुठे कोरले जावे आणि त्यात हुद्दा, वंश, धर्म असा भेद होऊ नये, हे त्याचे तत्त्व. त्याची नोंदवही आता कोणालाही घरबसल्या उघडता येते. पलटण घाला, तारीख घाला. त्या दिवशी त्या पलटणीचे कोण पडले ते समोर येते. बापाचे नाव, बायकोचे नाव, गाव, तालुका, जिल्हा अशी माहितीही पुष्कळ नोंदींत असते. त्यातले कोण नेमके घाडग्यांच्या तुकडीत होते हे ठरवायला पलटणीची रोजनिशी चाळावी लागेल, कदाचित बेळगावच्या रेजिमेंटच्या केंद्रात विचारणा करावी लागेल. काम चिकाटीचे आहे. अशक्य नाही.

या आयोगाने तत्त्व पाळले का? पुरते नाही, आणि तेही सांगितले पाहिजे, नाहीतर मी इंग्रजांचा भाट ठरेन. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात पडलेल्यांचे जे बसऱ्याचे स्मारक आहे त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली; आपल्यापैकी फक्त अधिकाऱ्यांची. साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. कूतच्या वेढ्यात उपाशी राहिलेल्या आमच्या मराठा पलटणींचे गडी त्या दगडावर आकडा होऊन राहिले. आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीने २०२१ साली हे कबूल केले: पहिल्या महायुद्धातले हिंदी, आफ्रिकी वगैरे निदान एक लाख सोळा हजार मृत, आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानिशी किंवा मुळीच स्मरले गेले नाहीत.

साहेबाने गावात ज्या पाट्या लावल्या त्यांतही हाच हिशेब. या गावातून इतके लोक लढाईस गेले, पैकी इतके मेले. साताऱ्याजवळचे अपशिंगे, ज्याला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात, तेथला आकडा सेहेचाळीस आहे. एका गावातले सेहेचाळीस! अपशिंग्याच्या लोकांना तो आकडा पाठ आहे आणि अभिमानाने पाठ आहे. पण सेहेचाळीस हे कोणाचे नाव नव्हे.

साहेबाने नाव गाळून आकडा लिहिला, याचा आपल्याला संताप येतो. यायलाच हवा. आणि आपण काय लिहितो? ‘ज्ञात-अज्ञात’. साहेबाने निदान मोजले तरी होते.

दुसरा आक्षेप अधिक जहाल असतो, आणि तो घेणारी माणसे प्रामाणिक असतात, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. एका विद्वान स्नेह्याने मला तोंडावर ऐकवले की, “ती माणसं इंग्रजांची भाडोत्री होती. बेचाळीस साली इथे लोक गोळ्या खात होते आणि हे तिकडे साम्राज्य राखायला गेले होते. त्यांची आठवण कशाला?”

मी या शिपायांना स्वातंत्र्यसैनिक म्हणत नाही. तसे म्हणणे खोटे होईल, आणि मेलेल्या माणसाला खोटे मोठेपण देणे हाही त्याचा अपमानच आहे. ते पगारासाठी गेले. कोकणात खोताचे देणे, वरकस जमीन, नाचणी-वरीवर अर्धे वर्ष आणि उरलेले अर्धे उसनवारीवर. अशा घरातला थोरला मुलगा मुंबईच्या गिरणीत जाई आणि धाकटा पलटणीत. दोघांच्याही मनीऑर्डरीवर चूल पेटे. गिरणीत गेलेल्याला आपण गिरणीमालकाचा भाडोत्री म्हणत नाही, कामगार म्हणतो, त्याच्या लढ्याचे पोवाडे गातो. पलटणीत गेलेला तेवढा भाडोत्री? आणि ज्यांना पलटणीचे दारही बंद होते त्यांचे काय? महारांची पलटण १९१७ साली उभी केली, गरज सरताच १९२१ साली मोडली, आणि १९४१ साली पुन्हा गरज पडली तेव्हा बेळगावला नवी रेजिमेंट उभी राहिली. तिच्यात भरती होण्यासाठी जी माणसे रांगेत उभी राहिली ती साम्राज्याच्या प्रेमाने उभी राहिली नव्हती. अंगावरच्या गणवेशाने तरी गावकुसाबाहेरचे जिणे सरेल या आशेने उभी होती.

आणि सातारा जिल्ह्याकडे पाहा. १९४३ पासून तेथे नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते. त्याच साली त्याच जिल्ह्यातली पोरे इटलीच्या किनाऱ्यावर उतरत होती. एका गल्लीतला एक भूमिगत, दुसरा पलटणीत. कदाचित एका घरातलाही. भूमिगताला भाकरी पोचवणारी आणि पलटणीतल्याच्या पत्राची वाट पाहणारी बाई एकच असेल. तिला तुमचा हा निवाडा कोणी समजावून सांगावा? इटलीत आपले ५,७८२ जण पडले, चाळीस ठिकाणच्या युद्धस्मशानांत त्यांची नावे विखुरली आहेत. ज्या राज्यासाठी ते लढले ते राज्य गेले, बरे झाले गेले. पण ते राज्य गेल्यावर या नावांचा वारस कोण? इंग्रज? इटालियन? मोंतोनेच्या लोकांनी तर आपल्या वाट्याचे काम केले. त्यांच्या गावचा डोंगर कोणता, वाट कोणती, हे त्यांना ठाऊक होते. ते त्यांनी शोधले आणि दगड बसवला.

पुढचे काम त्यांच्याने होणारे नाही. ते जगात फक्त आपल्यालाच करता येण्याजोगे आहे. माझ्या म्हणण्याचा गाभा तोच आहे.

ही नावे रोमन लिपीत लिहिली आहेत. भरतीच्या मेजापाशी उभ्या राहिलेल्या कोकणी पोराने आपले नाव सांगितले, कारकुनाने कानाला लागले तसे उतरवले. रोमन लिपीला ‘न’ आणि ‘ण’ एकच, ‘ल’ आणि ‘ळ’ एकच, ‘त’ आणि ‘ट’, ‘द’ आणि ‘ड’ एकच. त्या अक्षरांत काळे आणि काले सारखेच दिसतात, गोळे आणि गोले सारखेच, माने वाचावे की मने हे वाचणाऱ्याच्या मर्जीवर. गावांचे तर विचारूच नका. शिरगाव कोणते? महाडचे, रत्नागिरीचे की देवगडचे? वडवली, नांदगाव, पिंपळगाव यांची तर खिरापत आहे. शिवाय जिल्हा लिहिला आहे ‘कोलाबा’. १९८१ पासून तो रायगड झाला. माझ्या वर्गातल्या हुशार मुलीने नकाशात कोलाबा शोधले आणि मला येऊन सांगितले की हे शिपाई मुंबईच्या कुलाब्यात, ताजमहाल हॉटेलाच्या बाजूला राहत असावेत! तिची चूक नव्हती. लंडनच्या किंवा रोमच्या पंडितालाही याहून अधिक काही सांगता येणार नाही. पण माणगावचा तलाठी, महाडचा पोस्टमन, गावातली एखादी म्हातारी किंवा तालुक्याचा मास्तर त्या वेड्यावाकड्या अक्षरांकडे एकदा पाहील आणि म्हणेल: हे अमुक वाडीतले अमके, त्यांच्या पुतण्याचे घर वडाखाली आहे.

त्या घरात पत्र्याची एक ट्रंक असते. ट्रंकेत सहा टोकांची एक पितळी चांदणी असते. मी एका घरात ती पाहिली आहे. घरच्यांचा समज असा की, आजोबांना शाळेत धावण्याच्या शर्यतीत मिळालेले ते बक्षीस. मी ती हातात घेऊन वाचली. इटलीच्या मोहिमेची होती. आजीबाईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “तरीच. आमच्या सासूबाई दर पाडव्याला तिला हळदकुंकू लावायच्या. शर्यतीच्या बिल्ल्याला कोण हळदकुंकू लावतं?” ती सासूबाई शाळेत गेली नव्हती. तिला ठाऊक होते. तिच्यानंतर घरातली तीन पिढ्यांची माणसे शिकली, आणि नेमके तेच ठाऊक असणे बंद झाले.

आता मघाशी म्हणालो त्या माझ्या मनाच्या गढूळपणाविषयी. मी कादंबऱ्या लिहितो. मॅट्रिकपुढे माझे शिक्षण गेले नाही, इतिहासाच्या पदवीचा मला टिळा नाही, म्हणून जे ठाऊक नाही ते कल्पनेने भरून काढायची मला सवय. काही वर्षांपूर्वी मी केरेनच्या लढाईवर कादंबरी लिहायला घेतली. केरेन म्हणजे एरिट्रियातले डोंगरांत दडलेले गाव. अस्माऱ्याकडे जाणारी वाट एका अरुंद घळीतून वर चढते, दोन्ही बाजूंना उघडे, काटेरी, निसटत्या दगडांचे सुळके, आणि त्यांच्या माथ्यावर इटालियन तोफा. १९४१ च्या फेब्रुवारीपासून मार्चच्या २७ तारखेपर्यंत ती झुंज चालली. १५ मार्चला मराठ्यांच्या याच तिसऱ्या पलटणीने दुपारच्या उन्हात सपाट माथ्याची एक टेकडी चढून घेतली. सरकारी इतिहासात तिला इंग्रजी नाव आहे, पण चढली ती सह्याद्रीच्या पायांनी. पुष्कळ माणसे पडली. तीच पलटण तीन वर्षांनी टायबरच्या खोऱ्यात होती.

माझ्या कादंबरीचा नायक त्या टेकडीवर मरतो. मी त्याला एक नाव दिले, गाव दिले, पोलादपूरच्या बाजूची एक वाट बघणारी बायको दिली, आणि मरताना तोंडी घालायला दीड पानाचे भाषण दिले. भाषण चांगले वठले होते. त्या पोराने वर्गात प्रश्न विचारला त्या रात्री मी ते हस्तलिखित काढले आणि मला त्याची लाज वाटली. त्या टेकडीवर खरोखर पडलेल्या माणसांची खरी नावे केरेनच्या स्मशानात दगडावर आहेत. ती वाचण्याचे कष्ट न घेता मी बनावट नाव घडवले होते! कादंबरीत नाव बनवावे लागते, तो आमचा धंदाच आहे. पण खरे नाव हाताशी असताना बनवलेले नाव पुढे करणे आणि ‘अज्ञात’ म्हणून हार घालणे यांत फारसा फरक नाही. पत्रिका लिहिणाऱ्या त्या दोन पोरांवर मी डोळे वटारले, पण त्यांच्या आधी मी तेच केले होते. फक्त माझी भाषा अधिक अलंकारिक होती.

केरेनच्या त्या स्मशानाविषयी आणखी एक सांगतो, कारण आमच्या गावाला ते ऐकणे आवश्यक आहे. तेथे मुसलमान शिपाई पुरलेले आहेत, त्यांच्या उशाशी दगड आहेत. हिंदू आणि शीख शिपायांना अग्नी दिला, त्यांची नावे त्याच आवारातल्या दहनस्मारकावर आहेत. एकाचे थडगे, दुसऱ्याची नुसती ओळ, कुंपण एकच. पहिल्या महायुद्धाच्या काळात मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्या कंपन्याही असत. भिवंडीत कोकणी मुसलमान आहेत, उत्तरेकडचे मोमीन आहेत, तेलंगणातले पद्मशाली आहेत, घाटावरचे आणि कोकणातले मराठे, कुणबी, आगरी, बौद्ध आहेत. ज्या ज्या मुलखात साहेबाने भरतीचे मेज मांडले, त्या त्या मुलखातले कोणी ना कोणी आज आमच्या गल्ल्यांत मागावर उभे आहे. तेव्हा हे काम एका जातीचे, एका धर्माचे असे समजून कोणी हातात घेणार असेल तर त्याने ते न घेतलेलेच बरे. पत्रिकेवर फक्त आपल्याच माणसांची नावे छापणारा आणि अज्ञात म्हणून सगळ्यांना एकत्र बांधणारा, दोघेही यादी न वाचणारेच.

‘नावे शोधून मिळणार काय?’ असेही विचारले जाते. बहुधा विचारणारा माणूस धंदेवाईक असतो. त्याला मी रेझांग लाची गोष्ट सांगतो. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमध्ये त्या खिंडीत कुमाऊँ रेजिमेंटची एक कंपनी, हरियाणातले अहीर जवान आणि त्यांचे मेजर शैतानसिंग, जवळजवळ संपूर्ण पडली. जे मोजके परतले त्यांनी सांगितले की कोणी पाठ दाखवली नाही, शेवटच्या गोळीपर्यंत लढले. त्यांच्यावर विश्वास ठेवायला लोक तयार होईनात. पुढल्या वर्षी, हिमात गोठलेले देह सापडले तेव्हा ते आपापल्या खंदकांत होते, हातात हत्यार होते. कोणीतरी वर चढून गेले, पाहिले, एकेकाला ओळखले. म्हणून ती माणसे खोटेपणाच्या आरोपातून सुटली. रेवाडीच्या अहिरांनी मग आपल्या गावात स्मारक केले. शोध नसता तर त्या वीरांचे काय राहिले असते? एक शंका.

घाडग्यांच्या तुकडीवर कोणी शंका घेतलेली नाही. त्यांच्याविषयी शंका घेण्याइतकेही कोणाला काही ठाऊक नाही.

दोन दिवसांनी ते कार्यकर्ते पुन्हा आले. मी खर्ड्यातला ‘अज्ञात’ शब्द तांबड्या शाईने खोडला होता आणि समासात लिहिले होते: येथे नावे छापा. थोरला म्हणाला, “सर, पाचशे नावं पत्रिकेत कशी मावणार?” मी म्हटले, “मग महाराष्ट्रातल्यांची छापा. तीही जड वाटली तर ठाणे जिल्ह्यातल्यांची छापा. पण एक तरी नाव वाचून छापा.” ते हो म्हणाले. पत्रिका छापून आली तेव्हा त्यात प्रमुख पाहुण्यांची, अध्यक्षांची, स्वागताध्यक्षांची आणि वर्गणीदारांची मिळून एकतीस नावे होती, मी मोजली. ‘ज्ञात-अज्ञात’ होते तिथेच होते. व्यासपीठावर बसायला मलाही बोलावले होते. गेलो नाही. तो माझा अहंकार असेल.

महाडकडचा तो पोरगा आता नववीत गेला आहे. १० जुलै १९४४ या तारखेला त्या पलटणीचे जे कोणी पडले त्यांची यादी त्याने आणि त्या कोलाब्याच्या मुलीने मिळून एका दोनशेपानी वहीत उतरवून घेतली आहे: डावीकडे रोमन अक्षरे, उजवीकडे मराठीत जितके वाचन संभवते तितके सारे, एकेका नावाखाली तीन-तीन, चार-चार. त्यातले कोणते खरे हे इथे बसून कळणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत तो आजोळी जातो आहे. जाताना वही घेऊन माझ्याकडे आला आणि विचारले, “सर, गावात कोणाला विचारू?” मी सांगितले, सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला आधी विचार, पुरुषांना पलटणीची नावे आठवतात, बायकांना माणसांची. आणि ‘वीर’, ‘शहीद’ असले काही बोलू नकोस. नुसते नाव घे, गाव घे, आणि गप्प बस.

“आणि सर, कोणालाच माहीत नसलं तर?”

“तर पुढच्या वाडीत जा.”

त्याने ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले. शाळा उघडली की वही पाहीन.